परत मागितलेले तांदूळ

आई, तोंडानं मी तुला जन्मभर 'आये' म्हणालो, पण कागद पुढ्यात आला की हात आपोआप 'आई' लिहितो. शाळेतल्या गुरुजींच्या छडीची सवय, दुसरं काय. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आज लिहायला बसलोय, कारण दमलोय. नोकरीत कधी एवढा दमलो नाही. एसटीत उभ्यानं छत्तीस वर्षं काढली, कोळवण-पुणे रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या गुडघ्यांना पाठ आहे. रिटायर झाल्यावर बाजेवर पडून राहीन म्हटलं होतं. कुठलं काय. कंडक्टर बारा गावचं पाणी प्यायलेला, कंडक्टरला हिंदी येतं, पौडच्या कचेरीतला शिपाई कंडक्टरला नमस्कार करतो, म्हणून कुणाचा दाखला असो, कुणाची पेन्शन असो, गाव माझ्या दारात. हिचे गुडघेही माझ्यासारखेच गेलेत. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत. त्यात हे प्रकरण.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या फार्महाऊसवाल्या साहेबांचा फोन आला. पुण्यात राहतात, महिन्यातून एकदा येतात, माणूस वाईट नाही. म्हणाले, दुपारच्या गाडीनं एक बाई आणि तिची मुलगी येतेय, उतरवून घ्या, मागच्या खोलीत राहतील, बंगला सांभाळतील. मी फाट्यावर गेलो. बाई पस्तिशीची, मुलगी नऊ वर्षांची, दोन पिशव्या आणि एक प्लॅस्टिकची बादली. मणिपूरहून आलेल्या. तिकडं दंगलीत त्यांचं गाव जळालं. अकरा महिने एका शाळेच्या इमारतीत छावणीत काढले, एका वर्गात सहा कुटुंबं. नवरा म्हाताऱ्या बापापाशी छावणीतच राहिला, म्हाताऱ्याला प्रवास झेपणार नव्हता. तिचा एक चुलतभाऊ हिंजवडीत हॉटेलात कामाला होता, त्यानं साहेबांना सांगून ही जागा मिळवून दिली. एवढं मला त्या दिवशी कळलं, तेही तुटक हिंदीत. तिचं हिंदी माझ्यापेक्षा वाईट. दोघंही एकमेकांपुढं अडाणी.

मग मी पदर खोचला म्हण. आधारवरचा पत्ता बदलायला तीनदा पौड. मुलीचा शाळेचा दाखला जळालेला, तर आपल्या शाळेतल्या बाईंना जाऊन सांगितलं, वयावरून घ्या. त्यांना पोरं कमीच पडतात, त्यांनी आनंदानं घेतली. गॅसची शेगडी आणली, गोधड्या दिल्या, दर पंधरवड्याला भाजी. वाटेत दिसेल त्याला सांगत सुटलो, "बिचारीचं घरदार गेलंय बाबा, तिला कुणी काय बोलू नका, तिला कसला त्रास द्यायचा न्हाई." आणि गावानं ऐकलं की. माझ्या शब्दाला मान आहे ना. बोअरवर ती आली की बायका बाजूला व्हायच्या, "भर बाई, तू भर आदी." कुणी तिला थांब म्हणालं नाही, कुणी तिची घागर सरकवली नाही. वर्षभरात तिच्याशी एक भांडण झालं नाही. मला वाटायचं, बघा, कसं माणुसकीचं गाव आहे. पोरगी चार महिन्यांत आपल्यासारखी बोलायला लागली, 'न्हाई' काय, 'कुटं' काय. तिची आई मात्र दिसली की हात जोडायची आणि जायची. मी समजायचो, स्वभावच गरीब असेल.

यंदा आवणीला आपल्या खालच्या खाचरात सावड होती. सावड अजून आहे बरं का, आई. निम्मी वावरं विकली गेली, तिथं पोहायचे तलाव झाले, पण ज्यांची उरली आहेत त्या आठ-दहा घरच्या बायका अजून आज तुझ्यात, उद्या माझ्यात करून रोप लावतात. त्या दिवशी सकाळी ती बाई आपली आपण आली. पाठीवर प्लॅस्टिकचा कागद, पायात काही नाही. कुणाला न विचारता चिखलात उतरली आणि लावायला लागली. तिच्याकडंही डोंगराच्या पायथ्याला भातच. काय हात होता तिचा! मूठ सोडली की सरळ ओळ. आपल्या बायका रोपाचे दोन चूड लावेपर्यंत तिचे पाच. आमची ही म्हणाली, "बया बया, हिच्यापुढं आपुन निसतं रांगतोय." दुपारी सगळ्यांबरोबर बांधावर भाकरी खाल्ली. मी काठावर छत्री घेऊन उभा होतो, आणि मला बघवेना. म्हटलं, जिचं सगळं गेलं तिला आपण फुकट राबवतोय, लोक काय म्हणतील. घरी गेलो आणि दहा किलो इंद्रायणी तांदूळ पिशवीत भरून आणला. संध्याकाळी बायका पाय धुऊन बांधावर जमल्या, उद्या कुणाची आवणी ते ठरवायला. ती पण उभी होती. सगळ्यांसमोर मी ती पिशवी तिच्या हातात दिली. म्हणालो, "ले लो. तुम्हारी मेहनत का है." मोठेपणानं म्हणालो गं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, हात जोडले आणि गेली. मग कुणीतरी म्हणालं, "उद्या आमच्यात या समद्या," आणि पांगल्या.

हिनं घरापर्यंत दम धरला. चूल पेटवता पेटवता म्हणाली, "तुमी काय केलंत कळतंय का तुमाला?" मी म्हणालो, "काय केलं? मग काय फुकट राबवून घ्यायची?" ही म्हणाली, "सावडीत फुकट कुटं अस्तंय? आज ती आली, उद्या आपुन तिच्याकडं जायाचं व्हतं. सावडीच्या बाईला भाकरीबिगर कोन काय देतं का? दान्याची पिशवी मजुराला देत्यात. चारचौघींत तिला मजूर करून टाकलंत." मी म्हणालो, "पण तिच्याकडं लावायला हाय काय? तिला ना जमीन ना जुमला." तेव्हा हिनं कपाळाला हात लावला. "खोलीच्या मागं जाऊन बघितलंय का कधी? दोन गुंठं खनून वाफा टाकलाय तिनं. सायबाला इचारून. बायकांना समद्यांना ठावं हाय. तुमी निसतं पुढच्या दारात पिशव्या ठेवून माघारी येताय." आई, मी वर्षभर त्या घरी जात होतो. मागच्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो. आणि खरं सांगतो, मला राग तिचा आला नाही, बायकांचा आला नाही, स्वतःचाच आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. छत्तीस वर्षं बिनतिकिटाचा माणूस डोळ्यांना खुपला, त्याची ही फळं. बसमध्ये जन्म गेला, चिखलात पाय कधी घातला नाही, आणि निघालो सावडीला नियम शिकवायला.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळेतून येताना पोरगी दारात थांबली. हिनं तिला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि विचारलं, तुमची आवणी कधी गं? पोरगी लाडू खात शांतपणे म्हणाली, "न्हाई करनार. आई म्हनतीया, कोन येनार न्हाई. आमी बंगलोरला मामाकडं जानार." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. छावणीतून तिचा नवरा फोनवर म्हणत होता, तिथं तुमचं कुणी नाही, भावाकडं जा, मी तिकडं आलो तरी कुणाच्या भरवशावर यायचं? आणि तिनं त्याला सांगितलं होतं, इथं माणसं आहेत, बघ, माझ्या लावणीला गाव येईल, भात उभं राहिलं की तू ये. एवढ्या दोन गुंठ्यांवर तिची सगळी मदार. नवऱ्याला दाखवायला दुसरं काय होतं तिच्याकडं? घर आमच्या साहेबाचं, गोधड्या माझ्या. सावड तेवढी तिची स्वतःची झाली असती.

मी चपला घातल्या आणि घरोघर फिरलो. म्हटलं, चला, तिच्या आवणीला जाऊ. कुणी नाही म्हणालं नाही, हीच तर गंमत. वरच्या आळीतली आपली पाटलीण, ती नवी सून होती तेव्हा तू तिला बघितलंस, आता सासू झालीय आणि जीभ अजून तशीच आहे. ती सुपात दाणे पाखडत म्हणाली, "कंडक्टर, आमी काय तिच्या वाईटावर हाय का? पन तिनं घेतलं न्हवं तांदूळ? तिचं फिटलं. आता कुनी कुनाकडं जायाचा सवालच कुटं ऱ्हातोय?" मी म्हणालो, तिला आपली रीत काय माहीत. त्यावर म्हणाली, "तिला ठावं व्हती म्हनून तर आली. रीत तुमाला ठावं न्हवती." मग मला सुचलं, पौडहून दोन मजूर आणावे आणि तिची दोन गुंठं लावून टाकावी. ही एवढंच म्हणाली, "आनखी मदत करा."

त्या दुपारी ओट्यावर बसलो आणि तू आठवलीस. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. धरणात गेलेल्या गावातलं एक कुटुंब आपल्या मागच्या पडवीला छप्पर टाकून राहिलं होतं. त्यांच्यात एकच म्हैस, तीही वाळकी. तू माझ्या हातात वाटी दिलीस आणि म्हणालीस, जा, त्यांच्याकडून विरजण मागून आण. मी म्हणालो, "आपल्या मडक्यात हाय की दही." तू पाठीत एक धपाटा घातलास. "हाय ते मला दिसतंय. तू जा आन् मागून आन. त्यांच्या दारात कुनी काय मागायला गेलंय का आजवर?" मी वाटी घेऊन गेलो. त्या बाईनं वाटी घासूनपुसून त्यात चमचाभर दही घातलं, आणि मला दारापर्यंत पोचवायला आली, मी मोठा पाव्हणा असल्यासारखी. पुढच्याच आठवड्यात ती तुझ्याशी सांडपाण्यावरून कडाकडा भांडली आणि तू घरात येऊन हसलीस. म्हणालीस, "आता ऱ्हाती ही." तुझं स्वतःचं माहेरही पाण्याखालीच. तू इथं सून म्हणून आलीस तेव्हा तुला कुणी बिचारी म्हणालं नव्हतं, आणि ते बरं झालं असं तू सांगायचीस. मला हे सगळं माहीत होतं. शिकवणारी घरातच होती, पण शिकणारा दगड.

मग मी गेलो तिच्याकडं. चार वाजता, भर उजेडात, सगळ्यांना दिसेल असा. आई, गरजू माणसाच्या दारात जाऊन दिलेलं परत मागायचं. कुणी ऐकलं तर तोंडात शेण घालील. ती दारात बसून मिरच्या निवडत होती. पोरगी शेजारी वही घेऊन. मी पोरीला म्हणालो, आईला सांग, ते तांदूळ मला परत पायजेत. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या पाटीवरचं पुसलं होतं. तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं. बाई उठली, आत गेली, पिशवी घेऊन आली. गाठ मी मारली होती तशीच होती. चार दिवस घरात तांदूळ होता आणि तिनं गाठ सोडली नव्हती. मी हिंदी जुळवायला लागलो, "मेरी गलती," वगैरे. ती मध्येच पोरीशी काहीतरी बोलली. पोरगी म्हणाली, "आई इचारतीय, मग येनार का समदी?" मी म्हणालो, "आमचं घर येनार. बाकीच्यांचं मी कोन सांगनार?" खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. पिशवी खांद्यावर घेतली आणि मुद्दाम वरच्या आळीतून घरी आलो. दहा किलो काही ओझं नाही, पण त्या दिवशी खांदा दुखला. पाटलीण दारातच होती. "काय कंडक्टर, दिलेलं माघारी आनलंत?" मी म्हणालो, "व्हय. चुकून दिलं व्हतं." तिनं सूप खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं गेलो. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आयुष्यात पहिल्यांदा चिखलात उतरलो. रोप वयाला थोडं जास्त झालं होतं, पण चालण्यासारखं होतं. अर्ध्या तासानं पाटलीण आली, सुनेला घेऊन. मग दोघी, मग चौघी. आल्या त्या एकेक बोलतच. ओळी आडव्या घ्यायच्या का उभ्या यावरून पाटलीण आणि ती बाई अशा जुंपल्या की पोरीला दोन्हीकडचं सांगता सांगता धाप लागली, आणि मग तिनं सांगायचंच सोडलं, कारण दोघींना एकमेकींचं कळतच होतं. मग ती बाई माझ्या ओळीपाशी आली, माझे चार चूड उपटले, स्वतः परत लावले, आणि बोट दाखवून मला बांधावर बसायला लावलं. बायका खदखदून हसल्या. दोन गुंठं ते, दीड तासात संपलं. तिनं सगळ्यांना भात आणि बांबूच्या कोंबांची आमटी वाढली. ती एवढी तिखट की ही अजून नाव काढते. बाईनं फोनवर फोटो काढले, कुणाला पाठवायचे ते मला विचारायची गरज नव्हती. बंगलोरचं नाव परत निघालं नाही. आता बोअरवर तिला रांगेत उभं राहावं लागतं, आणि काल माझ्याच घरी तक्रार आली की ती घागर पुढं दामटते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी नवरा आला. म्हातारा छावणीतच वारला, मग तो निघाला. अंगानं काडी झालाय, दिवसभर ओट्यावर बसून भाताकडं बघत असतो, कुणी मोठ्यानं हाक मारली की दचकतो. त्याचं आधार करायचंय, म्हणजे माझं पौड परत सुरू. दमलो म्हणतो ते त्यामुळं. त्याचं काय बरं होईल, किती होईल, मला ठाऊक नाही. असं काही सावडीनं भरून येत नाही एवढं मलाही कळतं.

पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. काल ती दारात आली आणि हिला म्हणाली, "उद्या भात कापायचं. विळा द्या." तिनं पहिल्यांदाच आमच्याकडं काही मागितलं. ही म्हणाली, "दोनच हायेत बाई, दोनी लागत्यात आमाला." मी विचार करायच्या आत बोललो, "थांब, हाय एक." माळ्यावर चढलो, माझी तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी उघडली आणि तुझा विळा घेऊन खाली आलो. मुठीवर तुझ्या लाल लुगड्याची चिंधी तशीच. बाईनं अंगठ्यानं धार बघितली, तोंड वाकडं केलं, दगडावर घासते अशी खूण केली आणि घेऊन गेली. ही लसूण सोलत होती, ती थांबली. म्हणाली, "ह्यो तर आत्यांचा." मग म्हणाली, "कुटं घावला?" मी म्हणालो, पेटीत. "कुनाच्या पेटीत?" मी पाणी प्यायला आत गेलो.

आई, तुझ्या शेवटच्या वर्षी तुला दोनदा बांधावर चक्कर आली होती. डॉक्टर म्हणाले जपा. तू काही केल्या कापणीला जायचं सोडेनास, म्हणून मी तुझा विळा पेटीत टाकला आणि म्हणालो, हरवला असेल, तू आता आराम कर. तू चार दिवस घर उलथंपालथं केलंस. मग म्हणालीस, सुनेनं लपवला. महिनाभर तिच्या हातचा चहा घेतला नाहीस. ती मोरीत जाऊन रडायची आणि मी सकाळच्या गाडीवर निघून जायचो. पुढं तुम्ही बोलायला लागलात, पण तो आळ तू काढला नाहीस, आणि मार्गशीर्षात तू गेलीस. मला वाटलं होतं मी तुला जपतोय. पाव्हणी करून बसवलं तुला, तुझ्याच घरात.

विळा हिनं लपवला नव्हता. मी लपवला होता. तू होतीस तेव्हा चार शब्दांत सांगून झालं असतं. हा कागद कुठल्याच पत्त्यावर पोचणार नाही हे मला कळतंय. तुला सांगणं सोपं आहे, कारण तू काही परत विचारणार नाहीस. जिला सांगायचंय ती चुलीपुढं बसलीय, कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, आणि तिच्यापुढं जाऊन तोंड उघडायचं मला अजून होत नाही.